‘मग’चं ‘म्हणून’ करताना: वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारीत रुग्णाला काय सिद्ध करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला राहणाऱ्या ५८ वर्षांच्या बाई, घरगुती डब्यांचा व्यवसाय. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये त्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. घरी आल्यावर पोट फुगलं, कणकण आली. फोन केला तर ‘गॅस आहे, चालायला सांगा’ असं उत्तर आलं. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसले म्हणून मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं पित्तनलिकेला इजा झाल्याचं निघालं. पोटात साठलेलं पित्त काढलं, पुढे दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली. ३४ दिवस मुक्काम, नऊ लाखांवर बिल, त्यातला काही भाग मेडिक्लेममधून. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘ही माहितीतली गुंतागुंत आहे, तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे.’ मुलगा विचारतो, केस उभी राहील का? आणि आम्हाला नेमकं काय सिद्ध करावं लागेल?

तुमच्या पत्रातले ‘मग’ मी मोजले. अकरा निघाले. ऑपरेशन झालं, मग दुखायला लागलं, मग फोन केला, मग ताप चढला, मग डोळे पिवळे झाले. माझ्याकडे येणारं प्रत्येक कुटुंब असंच सांगतं, कारण त्यांनी ते त्याच क्रमाने भोगलेलं असतं. ग्राहक आयोगाचं ‘मग’वर भागत नाही, तिथं ‘म्हणून’ लागतं. अमुक केलं नाही म्हणून तमुक झालं. हा एक शब्द बदलण्यासाठी कागद लागतात, दुसरे डॉक्टर लागतात आणि डोकं थंड ठेवावं लागतं.

मी गेली बावीस वर्षं परळ आणि वांद्र्याच्या ग्राहक आयोगांत ही प्रकरणं चालवते. बहुतेक रुग्णांच्या बाजूने, काही डॉक्टरांच्याही. त्यामुळे समोरचा वकील काय म्हणणार आहे ते मला आधीच ऐकू येतं. तुम्हालाही ते आत्ताच ऐकवते.

आधी सोपा भाग. डॉक्टरांनी तुमच्या आईवर उपचार करायची जबाबदारी घेतली होती, हे सिद्ध करायला बिल आणि डिस्चार्ज कार्ड पुरतं. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या प्रकरणात ठरवलं. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही, म्हणून डॉक्टर आता सुटले, असा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयात झाला होता. २०२१ साली तो फेटाळला गेला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळला. (वकील मात्र २०२४ पासून ग्राहक कायद्याच्या बाहेर आहेत. डॉक्टर मित्र हे मला प्रत्येक लग्नात ऐकवतात.) बिल मेडिक्लेमने किंवा कंपनीने भरलं म्हणून तुमचं ग्राहकपण जात नाही. ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, रुग्णालयातला कामगारही ग्राहकच, हे २००७ साली ठरलं आहे. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं मात्र वेगळं आहे. केस पेपरचे नाममात्र पैसे भरल्याने कोणी ग्राहक होत नाही. तिथं दिवाणी दावा लावायचा, आणि त्याआधी नोटिशीच्या मुदती सांभाळायच्या. तुमचा तो प्रश्नच नाही, म्हणून पुढे जाते.

खरी लढाई सुरू होते ती ‘कसूर’ या शब्दापाशी. वाईट परिणाम झाला म्हणजे कसूर झाली, असं कायदा मानत नाही. २०२१ साली बॉम्बे हॉस्पिटलच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने दिलेली १४ लाखांहून जास्त भरपाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. रुग्ण वाचला नाही एवढ्यावरून हलगर्जीपणा ठरत नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास खाटेशेजारी उभा राहावा अशी अपेक्षाही धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल तुमच्या विरुद्ध पहिल्याच तारखेला वाचला जाईल, तयारी ठेवा.

कसोटी कोणती? १९५७ च्या बोलम या इंग्लिश निकालातून आलेली आणि आपल्याकडे २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात पक्की झालेली. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत असाच वागला असता का? शहरातल्या सर्वांत हुशार सर्जनने काय केलं असतं, हा प्रश्न नसतो. जाणकार डॉक्टरांचा एखादा जबाबदार गट तीच पद्धत योग्य मानत असेल, तर दुसऱ्या गटाला ती पटत नाही एवढ्यावरून कसूर ठरत नाही. निदान चुकणंही आपोआप कसूर होत नाही. निदानापर्यंत पोहोचायला ज्या साध्या तपासण्या कोणीही केल्या असत्या, त्या न करणं ही कसूर.

आता तुमच्या आईकडे येऊ. इथं मी तुम्हाला एक न आवडणारी गोष्ट सांगते. ‘डॉक्टरांनी पित्तनलिका कापली’ यावर सगळी केस उभी करू नका. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणं ही हजारात तीन ते पाच रुग्णांत होणारी, पुस्तकात लिहिलेली गुंतागुंत आहे. सूज असेल, चिकटलेलं असेल, तर चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. ऑपरेशन नोट मात्र नीट वाचून घ्यायची. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, नळी आणि धमनी, स्वच्छ सुट्या दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, हा या शस्त्रक्रियेचा पाठ आहे. नोटमध्ये याचा उल्लेख आहे का? सगळं चिकटलेलं होतं असं लिहिलं असेल, तर पोट उघडून करायचा निर्णय का घेतला नाही याचं कारण आहे का? बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचं रेकॉर्डिंग होतं, ते लेखी मागा. मिळालं तर उत्तम. ‘होत नाही’ असं लेखी आलं तरी ते कागदावर राहील.

तुमच्या केसचा जीव आहे तो तिसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंतच्या काळात. गुंतागुंत होणं माफ असेल, ती ओळखायचा प्रयत्नच न करणं माफ नसतं. इजा माहितीतली आहे असं डॉक्टर स्वतःच म्हणत असतील तर प्रश्न त्यांच्यावरच उलटतो. माहितीतली होती ना, मग फुगलेलं पोट आणि ताप ऐकल्यावर ती तुमच्या मनात का आली नाही? सोनोग्राफी का नाही, काविळीसाठी बिलिरुबिनची रक्ततपासणी का नाही, निदान ‘घेऊन या, बघतो’ एवढं तरी का नाही?

म्हणून केस पेपर हातात आल्यावर पहिल्यांदा टीपीआर चार्ट उघडा. नाडी, ताप, श्वास, नर्सने दर काही तासांनी लिहिलेले. डॉक्टरांची नोंद बहुधा ‘पेशंट बरा, डिस्चार्ज’ अशी असते. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी नाडी ८० असेल तर तुमची केस फोनपासून सुरू होते. ११६ असेल तर ती तासाभरात दुप्पट मजबूत होते, कारण मग रुग्ण आजारी असताना घरी पाठवला असं चित्र उभं राहतं. माझ्या एका जुन्या प्रकरणात डॉक्टरांच्या नोंदी मोत्यासारख्या अक्षरात होत्या आणि त्यात सगळं आलबेल. नर्सच्या पानावर रात्री दोन, सव्वातीन आणि पाच वाजता एकच वाक्य होतं, ‘डॉक्टरांना फोनवर कळवले’. पुढची डॉक्टरांची नोंद सकाळी ७:४० ची. त्या तीन ओळींवर आम्ही केस जिंकलो. ती सिस्टर कोण ते मला माहीत नाही, पण तिचं अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे.

कागद नंतर ‘सुधारले’ जातात का? कधीकधी. एकदा सहा दिवसांच्या तिन्ही शिफ्टच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हातच्या होत्या. त्याहून गंमत म्हणजे छापील फॉर्मच्या तळाला छापखान्याने बारीक अक्षरात महिना-साल टाकलं होतं, ते रुग्ण दाखल झाल्यानंतरचं. पण असं घबाड रोज मिळत नाही, त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा एक साधी युक्ती सांगते. तुमचा मेडिक्लेम होता. क्लेम मंजूर करताना टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, डिस्चार्ज कार्ड आणि बहुतेकदा इनडोअर पेपरच्या (दाखल असतानाच्या नोंदींच्या) प्रती त्याच आठवड्यात गेलेल्या असतात. त्या प्रती विमा कंपनीकडून मागवा आणि नर्सिंग होम आता देईल त्या प्रतींशी ओळीनं ओळ ताडून बघा. फरक निघाला तर पुढे मला काही बोलावं लागत नाही. लॅबचे रिपोर्ट लॅबमधून थेट घ्या, त्यावर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते.

फोनचं काय? ‘गॅस आहे’ हे वाक्य डॉक्टर नाकारणार, हे धरून चाला. तुमच्या कंपनीच्या बिलातून त्या तीन दिवसांतले कॉल, त्यांची वेळ आणि ते किती मिनिटं चालले हे काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं असेल तर फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसला तरी कशाला समोरच्याला बोट ठेवायला जागा द्यायची? त्या दिवसांत घरी असलेल्या व्यक्तीचं, तुमच्या पत्नीचं किंवा शेजारणीचं, शपथपत्र लागेल. त्यात ‘आई खूप आजारी होत्या’ असं लिहू नका. पोट कसं दिसत होतं, काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, किती वाजता थर्मामीटर लावला, ते लिहा.

तज्ज्ञाचं मत लागतं का, यावर सर्वोच्च न्यायालयात मतभेद होऊन गेले आहेत. २००९ साली मुंबईच्याच एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी तज्ज्ञाचं मत घ्या. २०१० साली किशन राव प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं की प्रत्येक केसमध्ये ते सक्तीचं नाही, कसूर उघड असेल तर नकोच. आज आयोग हा दुसरा मार्ग धरतात. कसूर उघड म्हणजे किती उघड? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. तिथं पोटातला टॉवेलच साक्षीदार होता. रुग्णालयाने आपण निर्दोष कसे ते सांगायचं, असा भार फिरला. (निकाल सर्वोच्च न्यायालयातून १९९६ साली आला. ३३ वर्षं. ग्राहक आयोग हळू चालतात म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.) मुंबईतल्याच पूनम वर्मा प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली होती. जी पद्धत शिकलाच नाही ती वापरणं हीच कसूर, असं न्यायालयाने १९९६ साली ठरवलं. त्या काळी तिथंही वेगळ्या तज्ज्ञाची गरज नव्हती.

तुमच्या आईचं प्रकरण टॉवेलइतकं सरळ नाही. तज्ज्ञ घ्या. अडचण अशी की डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहीत नाहीत, आणि याच गावात ज्यांना रोज एकमेकांकडे पेशंट पाठवायचे आहेत त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही जरा जास्तच आहे. निवृत्त प्राध्यापक लिहितात, शहराबाहेरचे लिहितात. पण त्यांना ‘हा हलगर्जीपणा आहे का?’ असं विचारू नका. तो प्रश्न आयोगाचा आहे आणि त्यावर कोणताही सभ्य डॉक्टर अंग काढून घेईल. विचारायचं असं: पित्ताशय काढल्यावर चौथ्या दिवशी पोट फुगलं आहे, ताप १०१ आहे आणि रुग्णाला अन्न जात नाही, असं कळल्यावर न तपासता फोनवर चालायला सांगणं ही सर्जरीतली मान्य पद्धत आहे का? याचं उत्तर एका ओळीत येतं. शिवाय तुमच्याकडे एक आयता तज्ज्ञ आहे, दुसऱ्या रुग्णालयाचे सर्जन. त्यांची ऑपरेशन नोट, पोटातून किती लिटर पित्त निघालं, जंतुसंसर्ग किती पसरला होता, हे त्यांनी कोणाविरुद्ध म्हणून लिहिलेलं नाही, रुग्णासाठी लिहिलेलं आहे. म्हणूनच त्याला वजन आहे. आयोग स्वतःहूनही प्रकरण जे. जे. रुग्णालयाच्या समितीकडे पाठवू शकतो. तसं झालं तर समितीला कोणते प्रश्न जातात ते तुमच्या वकिलाने लिहून द्यायला हवं. प्रश्न मोघम गेला की उत्तरही मोघम येतं.

एवढं झालं तरी आपण अजून ‘म्हणून’पाशी पोहोचलेलो नाही.

एक हरलेली केस सांगते. गिरगावातले ७१ वर्षांचे आजोबा. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या दिवशी सकाळी वॉकर धरून बाथरूमकडे निघाले, चार पावलं टाकली आणि कोसळले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोजचं इंजेक्शन पहिल्या दिवशीच लिहिलेलं होतं. औषधांच्या चार्टवर त्या ओळीसमोरचे पाचही चौकोन कोरे. कसूर यापेक्षा स्वच्छ मी पाहिलेली नाही. पण धाकट्या मुलाने पोस्टमॉर्टेमचा विषय काढला तेव्हा घरातले मोठे म्हणाले, आता देहाची चिरफाड नको. संध्याकाळी चंदनवाडीला सगळं आटोपलं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’, म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. तो तर प्रत्येकाचाच थांबतो. रुग्णालयाने जुना ईसीजी काढला आणि म्हणाले, हार्ट अटॅक. गुठळी होती की नव्हती हे आता कोण सांगणार? आयोगाने सेवेतल्या त्रुटीबद्दल ५० हजार दिले, मृत्यूबद्दल काही नाही. इंजेक्शन दिलं नाही, मग ते गेले, एवढं आम्ही दाखवलं. दिलं नाही म्हणून गेले, हे नाही दाखवता आलं.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर तेवढं एक धैर्य करा. मृत्यूबद्दल शंका असेल तर देह ताब्यात घेण्याआधी पोलिसांना लेखी कळवा. अकस्मात मृत्यूची नोंद होते, सरकारी किंवा पालिकेच्या केंद्रात पोस्टमॉर्टेम होतं, गरज पडल्यास व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. पुढे तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येतं. पोस्टमॉर्टेम नंतर करता येत नाही.

हाच ‘म्हणून’चा वाद आपल्या महाराष्ट्रातल्या एका जुन्या प्रकरणात दिसतो. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं. हाड बसवताना पुरेशी भूल दिली नाही, जोर लावला गेला, मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की चरबीचे कण रक्तात जाऊन मृत्यू झाला, तो कोणाच्याच हातात नसतो. न्यायालयाने पुरावा बघून ठरवलं की मृत्यू त्या वेदनेच्या धक्क्याने झाला. डॉ. लक्ष्मण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, १९६८. डॉक्टरचं कर्तव्य तीन ठिकाणी असतं हे आजही याच निकालातून सांगतात: रुग्ण घ्यायचा की नाही ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना.

तुमच्या आईच्या बाबतीत ‘म्हणून’ दोन तुकड्यांत सिद्ध करावं लागेल, आणि इथं प्रामाणिकपणे सांगते, सगळे नऊ लाख मिळतीलच असं नाही. समोरचा वकील विचारेल: समजा, चौथ्या दिवशी निदान झालं असतं, तरी नलिका दुरुस्त करायची शस्त्रक्रिया लागलीच असती ना? प्रश्न रास्त आहे. उत्तर इजेच्या प्रकारावर आहे. सर्जन ती स्ट्रासबर्ग वर्गीकरणात ‘ए’ ते ‘ई’ अशी लिहितात. पित्ताशयाच्या देठाशी गळती असेल, म्हणजे ‘ए’, तर वेळेवर कळल्यास बहुतेकदा एंडोस्कोपीतून स्टेंट आणि साठलेलं पित्त बाहेर काढणारी एक नळी (ड्रेन) यावर भागतं. मग दुसरी मोठी शस्त्रक्रिया उशिरामुळेच झाली असं म्हणायला जागा आहे. मुख्य नलिकाच कापली गेली असेल, म्हणजे ‘ई’, तर आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया कधीही लागलीच असती. तेव्हा उशिराचं नुकसान म्हणजे पोटातला जंतुसंसर्ग, आयसीयूचे दिवस आणि लांबलेला मुक्काम. दुसऱ्या रुग्णालयाचं बिल तारीखवार आणि विभागवार मागा. हा हिशोब आपणच आधी मांडला तर आयोगाचा विश्वास बसतो. सगळंच तुमच्यामुळे झालं असं म्हटलं की खरं असलेलंही पातळ होतं.

शक्यता किती दाखवायची? फौजदारी खटल्यासारखी संशयापलीकडे नाही. तुमची बाजू खरी असण्याची शक्यता जास्त, एवढं पारडं झुकलं की पुरे. शिवाय तुम्ही प्राथमिक कसूर दाखवली की उत्तर देण्याचा भार रुग्णालयावर जातो, कारण आत काय झालं ते त्यांनाच माहीत. २००४ च्या सविता गर्ग निकालात हे आहे. नर्सिंग होमला पक्षकार कराच. ऑपरेशन करणारे सर्जन बाहेरून आलेले होते, आमचा संबंध नाही, ही सबब चालत नाही.

संमतीपत्राची भीती तुम्ही सोडा. सही शस्त्रक्रियेला आणि तिच्या अंगभूत धोक्यांना असते. नंतर लक्ष दिलं नाही तरी चालेल, असं त्यात कोणी लिहून देत नाही. उलट मलाच एक शंका आहे. तुम्ही लिहिता ‘तुम्ही सही केली’. सही तुमची आहे की आईंची? त्या शुद्धीत होत्या, सज्ञान होत्या, सही त्यांची हवी आणि त्यांना कळेल अशा भाषेत समजावलेलं हवं. २००८ चा समीरा कोहली निकाल याबाबत खणखणीत आहे. पण एवढ्यावर मोठ्या भरपाईची आशा धरू नका. त्या निकालातही डॉक्टरांची फी नाकारून रुग्णाला २५ हजारच दिले होते.

आईंचं उत्पन्न सिद्ध करायला विसरू नका. डब्यांची वही, गिऱ्हाइकांची नावं, महिन्याचे जीपे, गॅस सिलिंडरच्या पावत्या. किती महिने डबे बंद राहिले आणि त्या काळात किती गिऱ्हाइकं कायमची गेली, हे दोन-तीन गिऱ्हाइकांच्या शपथपत्रावर येऊ द्या. ‘घरगुती व्यवसाय’ एवढं लिहून सोडलं की आयोग अंदाजाने आकडा टाकतो, आणि तो अंदाज कधीच चढा नसतो.

पोलिसात जावं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. माझं मत नाही असं आहे. फौजदारीला ढोबळ, अक्षम्य हलगर्जीपणा लागतो. जेकब मॅथ्यूनंतर पोलीस आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतात आणि ते विरुद्ध गेलं तर तोच कागद डॉक्टर ग्राहक आयोगात जोडतात. शिवाय मृत्यू झालेला नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येईल, पण तिथं भरपाई मिळत नाही, डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. आणि नर्सिंग होममध्ये चार जण घेऊन जायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आजच सोडा. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या राज्याच्या २०१० च्या कायद्यात तोडफोड-मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय काच फुटली की त्या दिवसापासून पीडित ते होतात, तुम्ही नाही.

तक्रार वांद्र्याला, मुंबई उपनगर जिल्हा आयोगात, कारण तुम्ही भांडुपला राहता आणि राहत्या ठिकाणी तक्रार करायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. कोणत्या पातळीवर जायचं ते मागितलेल्या भरपाईवर नाही, नर्सिंग होमला भरलेल्या रकमेवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तक्रारीत प्रत्येक दिवसाची कसूर स्वतंत्र लिहा. जे तक्रारीत नाही ते युक्तिवादात नव्याने काढता येत नाही.

मुदत दोन वर्षं. ती दुसऱ्या रुग्णालयातल्या डिस्चार्जपासून मोजता येईल असा वाद घालता येतो, पण घालायची वेळ आणू नका. ऑगस्टमधल्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच धरा. मुंबईत १९९३ साली पित्ताशयाच्याच शस्त्रक्रियेत पोटात गॉज राहिल्याची तक्रार एका परिचारिकेने २००४ साली केली होती. गॉज २००२ साली सापडला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत असताना, स्वतः परिचारिका असताना, तुम्ही विचारलं का नाही, असा त्याचा रोख होता.

या आठवड्यात एकच काम करा. आईंच्या सहीने नर्सिंग होमला अर्ज द्या: सर्व इनडोअर पेपर, टीपीआर चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशन आणि भूल नोट, संमतीपत्र, रेकॉर्डिंग असल्यास त्याची प्रत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला ते बांधील आहेत आणि तीन वर्षं जपून ठेवायलाही. रुग्णाला कागदांचा हक्क आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे. अर्जात ‘केस करायची आहे’ असं लिहू नका, ‘पुढील उपचारांसाठी व माझ्या माहितीसाठी’ पुरेसं आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. काउंटरवरची मुलगी ‘सर आले की बघू’ म्हणाली तर वाद घालू नका, खाली उतरून जवळच्या पोस्टातून तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीचा लगेच फोटो काढा. त्या पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते.